४४ जिंकले, ४५ हरले : अटलांटा ब्रेव्ह्ज आणि २०२१चा जुलै

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम प्रत्येक संघासाठी १६२ सामन्यांचा. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी तो काही दिवस थांबतो आणि नेमक्या त्या रिकाम्या दिवसांत गावोगावी एकच वाद रंगतो: आपला संघ यंदा प्लेऑफला जाणार की नाही? हा वाद चाहत्यांपुरता राहत नाही, कारण महिनाअखेर खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. तोवर संघाच्या जनरल मॅनेजरला ठरवावंच लागतं. आशा असेल तर उद्याचे होतकरू खेळाडू देऊन आजचे तयार खेळाडू आणायचे. नसेल तर आपले तयार खेळाडू विकून पुढची बेगमी करायची. नुसतं बसून राहणं हा तिसरा मार्ग, आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यात महागात पडतो.

२०२१च्या जुलैतलं अटलांटा ब्रेव्ह्जचं प्रकरण या वादाचा उत्तम नमुना आहे. शेवट ठाऊक असलेल्यांना तो निर्णय सरळसोपा वाटतो. त्या महिन्यात तो तसा मुळीच नव्हता.

संघाची अवस्था

अटलांटानं २०१८, २०१९ आणि २०२० अशी तीन वर्षं ओळीनं नॅशनल लीगची पूर्व डिव्हिजन जिंकली होती (मेजर लीगचे दोन भाग म्हणजे दोन लीग, आणि प्रत्येकीचे तीन गट म्हणजे डिव्हिजन). २०२०मध्ये लीगच्या अंतिम मालिकेत डॉजर्सविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊन ते ४-३ हरले होते. त्यामुळे २०२१ हे ‘आता नाही तर कधी’ असं वर्ष होतं. आणि सुरुवातीपासून एकेक विटा ढासळत गेल्या.

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, माइक सोरोका याच्या टाचेमागची शीर २०२० साली तुटली होती. त्यातून सावरत असताना जून २०२१मध्ये ती पुन्हा तुटली, तीही खेळताना नव्हे, चालताना. कॅचर, म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक, ट्रॅव्हिस डार्नो याचा अंगठा मेच्या पहिल्याच दिवशी जायबंदी झाला. तरुण पिचर वास्कार इनोआनं मिल्वॉकीत मार खाल्ल्यावर रागानं डगआउटमधल्या बाकावर मुक्का हाणला आणि स्वतःचाच हात मोडून घेतला. बाकाला काही झालं नाही. फलंदाज मार्सेल ओझुना मेअखेरीच्या अटकेनंतर त्या हंगामात पुन्हा मैदानावर आला नाही.

मग १० जुलै. मायामीतला सामना, पाचवा डाव. मायामीच्या जॅझ चिझमनं उजवीकडे उंच मारलेला चेंडू पकडायला अटलांटाचा रोनाल्ड अकुन्या ज्युनियर भिंतीपाशी उडाला आणि उतरताना त्याचा उजवा गुडघा वळला. चेंडू मागे लोळत राहिला, फलंदाज चारही बेस धावून घरी आला आणि अकुन्या जमिनीवरून उठू शकला नाही. गुडघ्याचं मुख्य लिगामेंट तुटलं होतं, म्हणजे हंगाम संपला. तोवर ८२ सामन्यांत त्यानं २४ होमरन (फलंदाजाला चारही बेस मिळवून देणारे फटके) मारले होते, १७ बेस चोरले होते, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठला होता. त्या क्षणी तो लीगमधल्या सर्वोत्तम दोन-तीन खेळाडूंपैकी एक होता, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

दुसऱ्या दिवसानंतर विश्रांती सुरू झाली. डिव्हिजनमधली जय-पराजयाची नोंद अशी: न्यूयॉर्क मेट्स ४७-४०, फिलाडेल्फिया फिलीज ४४-४४, अटलांटा ४४-४५. पहिल्या स्थानापासून चार सामने मागे (विजयांतला फरक तीन, पराभवांतला पाच, त्यांची सरासरी चार) आणि संपूर्ण हंगामात एकदाही पन्नास टक्क्यांच्या वर नाही. त्यात भर म्हणजे त्या वर्षीचा ऑल-स्टार सामना अटलांटाच्या ट्रुइस्ट पार्कमध्ये व्हायचा होता. जॉर्जिया राज्याच्या नव्या मतदान कायद्यावरून लीगनं तो डेन्व्हरला हलवला होता. यजमानपदही गेलं आणि मुख्य खेळाडूही गेला.

विका म्हणणारे, थांबा म्हणणारे

आयपीएलची सवय असलेल्या वाचकासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. तिथे सगळे संघ एकाच गुणतक्त्यात असतात. बेसबॉलमध्ये तेव्हा प्रत्येक लीगमधून तीन डिव्हिजनचे तीन विजेते आणि उरलेल्यांतून दोन ‘वाइल्ड कार्ड’ संघ अशा पाच जागा होत्या. डिव्हिजन जिंकली की बाकी कुणी किती जिंकले याच्याशी कर्तव्य नाही. वाइल्ड कार्डच्या दुसऱ्या जागेवर तेव्हा सॅन डिएगो पाद्रेज ५३-४० असे होते, म्हणजे अटलांटा त्यांच्या सात सामने मागे. चार सामन्यांचा खड्डा भरायचा की सात, यात निवड करण्यासारखं काही नव्हतं. वाट डिव्हिजनचीच.

विका म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. अकुन्यासह संघ निम्मे सामने हरला, तर त्याच्याशिवाय काय दिवे लावणार? फ्रेडी फ्रीमन आणि चार्ली मॉर्टन या दोघांचेही करार त्याच वर्षी संपत होते. आदल्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू असलेल्या फ्रीमनला विकून दोन-तीन चांगले तरुण मिळाले असते. पुढच्या वर्षी अकुन्या परतणारच आहे, मग या वर्षावर पाणी सोडा.

थांबा म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार धावांचा हिशोब होता. हंगामभर केलेल्या धावांतून दिलेल्या धावा वजा केल्या की जो आकडा उरतो तो संघाच्या ताकदीबद्दल जय-पराजयाच्या नोंदीपेक्षा जास्त खरं बोलतो. क्रिकेटमधल्या नेट रनरेटचा हा थोरला भाऊ. अटलांटा हरत जास्त होते, पण धावा देण्यापेक्षा करत जास्त होते. याचा अर्थ, ते थोडक्यात हरत होते आणि मोठ्यानं जिंकत होते.

त्यावर समोरून उत्तर तयार होतं, आणि ते मला आजही दमदार वाटतं. मेमध्ये त्यांनी पायरेट्सना २०-१ हरवलं, जूनच्या शेवटच्या दिवशी मेट्सना २०-२. या दोनच सामन्यांत ३७ धावा अधिकच्या. त्या वगळल्या तर अधिक चिन्हामागचा बराचसा ऐवज गळून पडतो. विसाव्या धावेला काही विसाव्या विजयाचं मोल नसतं.

दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. घोळ वेगळीकडे होता: दोघंही फक्त अटलांटाकडे बघत होते.

मापाची फूटपट्टी कुठे ठेवायची?

विश्रांतीच्या वेळी मेट्सचा वेग होता ८७ सामन्यांत ४७ विजय. हाच वेग शेवटपर्यंत धरला तर ते ८७ किंवा ८८वर संपतात. म्हणजे अटलांटाला किमान ८८ हवेत, म्हणजे उरलेल्या ७३ पैकी ४४. साठ टक्के. आतापर्यंत पन्नासही न गाठलेल्या संघाकडून.

साधं नाणेफेकीचं गणित करून पाहू. संघ खरोखरच मध्यम असेल, प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५० टक्के, तर ७३ पैकी ४४ किंवा जास्त जिंकण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के येते. धावांच्या हिशोबावर विश्वास ठेवून संघाला ५४ टक्क्यांचा मानला, तर ती साधारण १७ टक्के होते. सगळा वाद या ५ आणि १७च्या मधे चालला होता.

आता फूटपट्टी हलवा. समजा, ८८ लागणारच नाहीत, ८३ पुरतील. मग ७३ पैकी ३९ हवेत. मध्यम संघालाही ही शक्यता ३२ टक्क्यांच्या आसपास मिळते, आणि ५४ टक्क्यांच्या संघाला ५८ टक्के. संघ चांगला आहे असं मानून जेवढा फायदा होतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त फायदा समोरचे वाईट आहेत असं मानून होतो. मग समोरचे किती वाईट आहेत यावर जास्त वेळ घालवायला नको होता का?

मेट्सकडे नीट पाहिलं तर शंका घ्यायला जागा होती. त्यांचा पिचर जेकब डिग्रॉम नऊ डावांमागे १.०८ धावा अशा अविश्वसनीय सरासरीनं पिचिंग करत होता, पण वर्षभर काही ना काही दुखतच होतं. ७ जुलैचा सामना त्याचा त्या हंगामातला शेवटचा ठरला. विश्रांतीनंतर लगेच शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, फ्रान्सिस्को लिंडोरही जखमी झाला. फलंदाजी आधीपासूनच लंगडी होती. ऑगस्टच्या वेळापत्रकात डॉजर्स आणि जायंट्स यांच्याशी ओळीनं १३ सामने लिहिलेले होते, आणि वेळापत्रक काही गुपित नसतं. फिलीजची गोष्ट आणखी सोपी: त्यांची गळती राखीव पिचरांत होती आणि ती सगळ्या गावाला माहीत होती.

फॅनग्राफ्ससारखी संकेतस्थळं उरलेला हंगाम संगणकावर हजारो वेळा खेळवून शक्यता काढतात, त्यात प्रतिस्पर्ध्यांचा हिशोब असतोच. पण वाद घालणारा माणूस त्या एका टक्केवारीकडे बघतो आणि ती आपल्या संघाची तब्येत आहे असं समजतो. प्रत्यक्षात तो शेजाऱ्यांच्या तब्येतीचाही अहवाल असतो.

अँथोपुलसनं काय केलं

जनरल मॅनेजर ॲलेक्स अँथोपुलसनं १५ जुलैला, म्हणजे विश्रांती संपायच्या आतच, शिकागो कब्जकडून जॉक पीडरसन घेतला. बदल्यात कनिष्ठ संघातला एक फर्स्ट बेसमन, म्हणजे पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक. छोटा सौदा होता, पण त्यातून कळलं ते पुरेसं होतं: अटलांटा विकणाऱ्यांत नाही.

पुढचे दोन आठवडे संघ एक सामना जिंकायचा, एक हरायचा. पुढेही नाही, मागेही नाही. ३० जुलैला मुदतीच्या दिवशी ते ५१-५३ होते, मेट्सपासून अजून चार-पाच सामने मागेच. त्या एका दिवसात अँथोपुलसनं तीन आउटफील्डर, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागातले क्षेत्ररक्षक, आणले. कॅन्सस सिटीचा होर्हे सोलेर, ज्याची फलंदाजीची सरासरी तेव्हा .१९२ होती, म्हणजे शंभरात वीस वेळाही हिट (बेस मिळवून देणारा फटका) नाही. मायामीचा ॲडम डुव्हॉल, ज्याला अटलांटानंच आदल्या डिसेंबरात करार नाकारून सोडून दिलं होतं. आणि क्लीव्हलंडचा एडी रोसारिओ, जो पोटाचा स्नायू दुखावल्यामुळे खेळतच नव्हता.

रोसारिओचा सौदा जरा जवळून बघण्यासारखा आहे. क्लीव्हलंडला बदल्यात मिळाला पाब्लो सँडोव्हाल. एकेकाळी वर्ल्ड सीरिज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांतली अंतिम मालिका, गाजवलेला, आता उतरणीला लागलेला. क्लीव्हलंडनं तो त्याच दिवशी मोकळाही केला. म्हणजे व्यवहार असा होता की क्लीव्हलंडला रोसारिओच्या पगाराचं उरलेलं ओझं उतरवायचं होतं आणि सँडोव्हाल हे नाव फक्त कागद पूर्ण करायला होतं. पुढे ऑक्टोबरात डॉजर्सविरुद्धच्या मालिकेत हाच रोसारिओ १४ हिट मारून सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्या दिवशी समाजमाध्यमांवर आणि रेडिओवर या सौद्यांची टिंगल होणं स्वाभाविक होतं. शेजारी मेट्सनं हाविएर बाएझसारखं मोठं नाव आणलं होतं, डॉजर्सनं मॅक्स शर्झर आणि ट्रे टर्नर दोघंही उचलले होते. अटलांटानं आणलेल्या चौघांत एकही त्या वर्षीचा ऑल-स्टार नव्हता. पण चौघांपैकी एकासाठीही त्यांनी आपल्या तिजोरीतला एकही खरा हिरा दिला नव्हता. शक्यता कमी असेल तर पैज छोटी लावायची, एवढं साधं तत्त्व. आणि जिथे भोक होतं, म्हणजे आउटफील्डमध्ये, तिथेच ठिगळ लावलं होतं. बाकी कापड चांगलं होतं: फ्रीमन, ऑझी ऑल्बीज, डॅन्स्बी स्वॉन्सन आणि ऑस्टिन रायली या चारही इनफील्डरांनी, म्हणजे बेसपाशी उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांनी, त्या हंगामात २५च्या वर होमरन मारले, आणि मॅक्स फ्रीड, मॉर्टन ही पिचरांची जोडी शाबूत होती.

पुढे

६ ऑगस्टला, १११व्या सामन्यात, अटलांटा पहिल्यांदा पन्नास टक्क्यांच्या वर गेले: ५६-५५. मेट्सनं डॉजर्स-जायंट्सविरुद्धच्या त्या १३ सामन्यांत दोन जिंकले, अकरा हरले. महिनाअखेर त्यांचे खेळाडू हिट मारल्यावर आपल्याच प्रेक्षकांना अंगठा खाली करून दाखवू लागले, यावरून तिथलं वातावरण समजून घ्यावं. ते ७७-८५वर संपले. १०३ दिवस पहिल्या स्थानावर राहून शेवटी विजयांपेक्षा पराभव जास्त, असं आजवर दुसऱ्या कुठल्या संघाचं झालेलं नाही.

फिलीज शेवटपर्यंत मागे होते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते अडीच सामने मागे असताना तीन सामन्यांसाठी अटलांटाला आले, आपले सगळ्यात चांगले पिचर घेऊन. तिन्ही हरले. ३० सप्टेंबरला निकाल लागला. अटलांटा ८८-७३, फिलीज ८२-८०.

आता वरचं गणित आठवा. जुलैत काढलेली ८८ची फूटपट्टी अटलांटानं बरोबर गाठली, विश्रांतीनंतर ४४-२८ खेळून. पण लागले असते फक्त ८३. हंगामभराचा धावांचा हिशोब अटलांटा +१३४, फिलीज −११, मेट्स −३२. ७९० धावा करून ६५६ देणाऱ्या संघानं एरवी ९४-९५ सामने जिंकावेत, म्हणजे ८८ जिंकूनही ते धावांच्या मानानं कमीच जिंकले. २० धावांच्या त्या दोन सामन्यांवरचा आक्षेप शेवटी टिकला नाही, हे खरं. मात्र यात सोलेर आणि मंडळींच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या धावाही आहेत, तेव्हा जुलैतल्या संघाला सगळं श्रेय देता येणार नाही.

ऑक्टोबरात त्यांनी मिल्वॉकी, डॉजर्स आणि २ नोव्हेंबरला ह्यूस्टन यांना हरवून १९९५ नंतरची पहिली वर्ल्ड सीरिज जिंकली. सोलेर तिचा सर्वोत्तम खेळाडू. पण निर्णयाचं माप घेताना हा भाग मी बाजूला ठेवतो. प्लेऑफच्या छोट्या मालिकांत कुणीही कुणाला हरवतं, आणि मॉर्टनचं पायाचं हाड मोडूनही जिंकाल असं कुठलंही गणित जुलैत सांगू शकत नव्हतं. याच वर्षी टोरांटो ९१ जिंकून घरी बसले, सिअ‍ॅटल ९० जिंकून. प्लेऑफला गेलेल्या दहा संघांत सर्वांत कमी विजय अटलांटाचे होते. त्यांच्या पदरात पडलं ते आधी शेजाऱ्यांच्या कमकुवतपणामुळे.

४४ विजयांचे चार संघ

या प्रकरणाला एक जोड आहे, आणि ती नसती तर मी ते इतक्या खात्रीनं मांडलं नसतं. विश्रांतीच्या वेळी नॅशनल लीगमध्ये ४४ विजयांवर असलेले चार संघ होते: फिलीज ४४-४४, अटलांटा ४४-४५, शिकागो कब्ज ४४-४६ आणि सेंट लुइस कार्डिनल्स ४४-४६. नोंद जवळजवळ सारखी, निर्णय चार तऱ्हांचे.

कब्जनी दुकान बंद केलं. ॲन्थनी रिझो, क्रिस ब्रायंट, बाएझ, २०१६च्या विजेत्या संघाचे तिघंही दोन दिवसांत गेले. ते मिल्वॉकीच्या आठ सामने मागे होते आणि तिघांचे करार संपत होते. चार सामने आणि आठ सामने यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. हंगाम ७१-९१. चाहते संतापले, पण बाएझच्या बदल्यात मेट्सकडून मिळालेला पीट क्रो-आर्मस्ट्राँग २०२५मध्ये ३१ होमरन आणि ३५ बेस घेऊन उभा राहिला. निर्णय चुकीचा म्हणवत नाही.

फिलीजनी एक पिचर आणला, एक राखीव पिचर आणला, आणि साडेसहा सामने कमी पडले.

कार्डिनल्सची गोष्ट मात्र धावांच्या हिशोबावर भिस्त ठेवणाऱ्यांना गप्प करते. त्यांचा आकडा तेव्हा ठळक उणे होता. त्यांनी मुदतीला जे.ए. हॅप आणि जॉन लेस्टर असे दोन म्हातारे पिचर घेतले, आणि लोक हसले. सप्टेंबरात ते ओळीनं १७ सामने जिंकले, ९०-७२वर संपले आणि वाइल्ड कार्डची दुसरी जागा घेऊन गेले. ती जागा मोकळी कशी झाली? ५३-४०वर असलेले पाद्रेज घसरत ७९-८३ला आले म्हणून. पुन्हा तेच: फूटपट्टी खाली आली. जुलैत पुढे असलेल्यांत एखादा असा निघू शकतो, फक्त कुठला ते आधी कळत नाही. म्हणून कब्जसारखं दोन जणांच्या मागे आठ सामन्यांवर असणं आणि अटलांटासारखं दोन डळमळत्या शेजाऱ्यांच्या मागे चार सामन्यांवर असणं, या दोन गोष्टी ‘पन्नास टक्क्यांच्या खाली’ या एका शब्दप्रयोगात कोंबल्या की वाद भरकटतो.

राहिला फ्रीमन विकण्याचा मुद्दा. त्याला न विकल्यामुळे मार्च २०२२मध्ये तो डॉजर्सकडे गेला, आणि अटलांटाला बदल्यात एकही खेळाडू मिळाला नाही. विका म्हणणाऱ्यांनी नेमकं हेच भाकीत केलं होतं. पण जुलैतल्या सौद्यांत हात न लावलेले तरुण अजून घरात होते. त्यांतले शे लँगलिअर्स आणि क्रिस्चियन पाचे, आणखी दोघांसह, त्याच मार्चमध्ये ओकलंडला देऊन अटलांटानं फर्स्ट बेसवर मॅट ओल्सनला आणलं. २०२३मध्ये त्यानं ५४ होमरन मारले, संघाच्या इतिहासातला एका हंगामाचा विक्रम.